बंब कुणी विझवला?

१

धुळ्याच्या विमानपट्टीवर सातव्या फेरीअखेर पांढरी गाडी सगळ्यांच्या पुढे होती. आठवी फेरी तिनं पुरी केलीच नाही. आधी बारीक शिट्टी ऐकू आली, मग दणका झाला, मग बॉनेटखालून जाळ निघाला आणि वळण दाखवायला मांडलेल्या तेलाच्या पिंपांवर गाडी आडवी जाऊन आदळली. भटूला बाहेर ओढलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. सत्तावीस वर्षांचा पोरगा, दिवाळीत साखरपुडा झालेला.

हे झालं रविवारी, नव्वद सालच्या जानेवारीत. सोमवारी सकाळी गाडीचा सांगाडा ट्रकवर घालून जळगावला पितांबरच्या गॅरेजात आणला आणि इंजिनात हवा नेणाऱ्या डब्याचं चेपलेलं झाकण उघडलं, तर आत मूठभर वाळू.

"वाळू आपोआप चालत जाते का आत, नाना?" पितांबरनं विचारलं. आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. भटू त्याचा धाकटा भाऊ.

ज्यांना विचारलं ते लीलाधर नाना म्हणजे निवृत्त मोटार निरीक्षक. तीस वर्षं अपघाताच्या गाड्या बघायच्या आणि कारण लिहून द्यायचं, हेच काम केलेलं. आपण लिहिलेलं कारण कोर्टात एकदाही खोटं पडलं नाही, असं ते सांगत, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळा सांगत. आज त्यांचा डावा खांदा ठणकत होता. शनिवारी वनाआबा गेले. चाळीस वर्षांचा दोस्त. तिरडीचा खांदा बदला म्हणणाऱ्यांना नानांनी शेवटपर्यंत बदलू दिला नव्हता.

"बुधवारी सकाळपर्यंत थांबतो," पितांबर म्हणाला. "तुम्ही कारण लिहा. नाही सापडलं, तर मी फौजदाराकडे जाऊन अमीनचं नाव देतो."

"अमीनचं का?"

"गॅरेजची किल्ली त्याच्याकडे. टर्बोला हात लावायची परवानगी त्यालाच. आणि पुण्याच्या एका संघानं त्याला बोलावलंय, हे त्यानं माझ्यापासून लपवलं."

अमीन तिथंच उभा होता. पस्तिशीचा, सडपातळ, या गाडीचा खरा बाप. नानांनी त्याच्याकडे बघितलं, तर त्यानं नजर खाली घातली. तीस वर्षांच्या नोकरीत नानांनी ही नजर शेकडो वेळा बघितली होती, आणि तिचा अर्थ बहुतेकदा एकच निघाला होता.

२

या गाडीची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तिच्यापायी एवढी माणसं का रडली हे कळायचं नाही.

चौऱ्याऐंशी साली पितांबरनं एक जुनी चारदारी गाडी घेतली. लग्नात नवरदेव मिरवायला नेतात तसली, साधी, घरगुती. बड्या शहरांतल्या शर्यतींत अशाच घरगुती गाड्यांचा एक वेगळा गट असतो, आणि केळीवाल्या पितांबरच्या डोक्यात त्या गटाचं वेड शिरलं. पण इंजिन पडलं लहान. तेव्हा अमीननं एका कापसाच्या जिनिंगच्या भंगारातल्या विलायती जनरेटरचा टर्बो आणला. टर्बो म्हणजे गोगलगायीच्या शंखासारख्या दोन कवचांत बसवलेले दोन पंखे, मधून एकच दांडा. इंजिनाचा धूर एका पंख्याला फिरवतो आणि दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळतं, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो.

शहाऐंशीला मद्रासजवळ शोलावरमला पहिली शर्यत झाली, तिसऱ्या फेरीत गॅस्केट जळालं. सत्त्याऐंशीला पिस्टनला भोक पडलं. तेव्हाचा ड्रायव्हर चिंधा, त्यानं गाडी ढकलत ढकलत रेषेपलीकडे नेली आणि सगळ्यात शेवटचा नंबर काढला. अठ्ठ्याऐंशीला दुसरी आली. एकोणनव्वदला कलकत्त्याला पहिली. जोरात पळून आली की तिचा टर्बो चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल दिसायचा आणि सूं सूं करायचा, म्हणून सगळं जळगाव तिला 'बंब' म्हणायचं. आंघोळीच्या पाण्याचा असतो ना, तो बंब.

नानांचाही तिच्यावर जीव. शनिवारी दुपारी अमीननं त्यांना तिच्यातून एरंडोलच्या रस्त्यावर फिरवून आणलं होतं. बाजूची सीट काढलेली, तर बारदानाच्या घडीवर बसून नाना पद्मालयाच्या फाट्यापर्यंत ताशी दीडशेनं गेले आणि पोरासारखे हसले. त्यानंतर गाडी कुणी पळवली नाही. रविवारी पहाटे ती ट्रकवर चढली आणि धुळ्याला गेली.

सोमवारी दुपारी नानांनी चष्मा पुसला आणि वाळूचा निकाल तासाभरात लावून टाकला.

"पितांबर, हे बघ. वाळू काजळीच्या वर आहे. खाली काजळी, वर वाळू. म्हणजे आधी जाळ झाला, मग वाळू आली. आग विझवायला लोकांनी वाळूच्या बादल्या ओतल्या ना, ती ही. आणि पंख्याची पाती बोटानं बघ. कडा गुळगुळीत आहेत. आधी वाळू गेली असती तर या कडा खाल्ल्या असत्या."

पितांबरनं पातं चाचपलं आणि मान हलवली. "मग फुटला कशानं?"

नाना उत्तर देणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"मला माहितीये कशानं ते. मी केलंय."

दारात पितांबरची बायको उभी होती, लताबाई.

३

लताबाई आत आली आणि नवऱ्याकडे न बघता नानांसमोर उभी राहिली. भटू चार वर्षांचा असताना ती या घरात सून म्हणून आली. त्याला न्हाऊमाखू तिनंच घातलेलं.

"सहा वर्षं या घरात दुसरं बोलणं नाही, नाना. जेवताना गाडी, झोपताना गाडी. मागच्या चतुर्थीला मी पद्मालयाला गेले आणि गणपतीपुढं नवस बोलले. म्हटलं, देवा, ही गाडी एकदाची मोडू दे, एकवीस मोदक ठेवीन. गाडी म्हटलं होतं मी. पोराचं नाव नव्हतं घेतलं."

"नवसानं टर्बो फुटत नाही, लताबाई."

"फुटला ना पण," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

पितांबरनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, तो मध्येच राहिला. त्याचंही मन त्याला खात होतंच. सातव्या फेरीला भटूनं खिडकीतून हात हलवून काहीतरी खुणावलं होतं, आणि यानं फलक दाखवला होता, 'अजून जोरात'.

नानांनी टर्बो टेबलावर घेतला आणि तुकडा तुकडा सुटा केला. दांडा मोडला होता तो बरोबर बुशाजवळ. बुश म्हणजे ज्या कड्यात दांडा फिरतो ते. नानांनी बुशात पेचकस घालून खरवडलं. तेल नव्हतं. काळे, कडक, ठिसूळ खडे निघाले, करपलेल्या दुधाची खरड निघते तसे.

"हा कोळसा कसला?" ते स्वतःशीच म्हणाले.

उत्तर त्यांच्या डोक्याच्या वर भिंतीवर लिहिलेलं होतं. तीन वर्षं ते या गॅरेजात चहा प्यायला येत होते, आणि चहाच्या खुर्चीची पाठ त्या भिंतीला असल्यामुळे त्यांनी ते कधी वाचलंच नव्हतं. लाल रंगात, अमीनच्या अक्षरात:

'गाडी पळवून आणल्यावर दोन मिनिटं चालू ठेवा. लगेच बंद करायची नाही.'

आज मान वर करून त्यांनी ते वाचलं. आता सगळं सरळ होतं. टर्बो लालभडक असताना इंजिन बंद केलं, तर तेल जागच्या जागी थांबतं आणि करपून कोळसा होतं. पुढच्या वेळी दांडा कोरडा फिरतो. फेरी दोन फेरी सहन करतो, सात फेऱ्या सहन करतो, मग अडकतो.

म्हणजे गरम गाडी कुणीतरी पटकन बंद केली होती. खटका पाडणारा एक हात होता, आणि तो शोधायचा होता.

४

रविवारी सकाळी धुळ्याला गाडी तापवायला एक फेरी मारली होती, ती चिंधानं. कधीकाळचा ड्रायव्हर. भटू आल्यापासून त्याच्या वाट्याला तापवण्याचंच काम उरलेलं.

मंगळवारी सकाळी चिंधा आला तोच हात जोडून, सगळा दोष अंगावर घेत.

"बठ्ठा दोष मना शे, नाना," तो म्हणाला.

"गाडी गरम असताना बंद केलीस?"

"ते नही. ते कसं करसू? सत्त्याऐंशीला दोन टर्बो असेच मेले, मीच मारेल होते. पितांबरभाऊ घड्याळ घेऊन उभे होते, विचारा त्यांना. पुरी दोन मिनिटं चालू ठेवली." मग त्यानं मान खाली घातली. "पण भटू गाडीत बसला तेव्हा मी मनात म्हटलं, हरू दे याला. आतून म्हटलं, नाना. अन् तो हरला बी."

पितांबरनं घड्याळाचं कबूल केलं. म्हणजे रविवारचा खटका चिंधाचा नव्हता. शर्यतीत गाडी थांबलीच नव्हती. रविवार सुटला, आणि उरला एकच दिवस, एकच सफर.

शनिवार. एरंडोलचा रस्ता. गाडी अमीन चालवत होता.

नानांना ते आवडलं नाही. अमीनचा बाप रहीम टेम्पो चालवायचा. बहात्तर साली त्याच्या टेम्पोखाली एक म्हातारी सापडली आणि भडगावच्या बाजारात लोकांनी त्याला मारायला घेतलं होतं. नानांनी टेम्पो तपासून लिहिलं की ब्रेकची नळी फुटली, ड्रायव्हरचा दोष नाही. रहीम सुटला. त्यानंतर दर ईदला त्या घरून नानांकडे शीरखुर्म्याचा डबा येई. रहीम गेला, त्याची बायको सुगराबी डबा पाठवत राहिली, आणि डबा घेऊन येणारा अमीनच असे.

पण कारण ते कारण. नानांनी अमीनला गॅरेजच्या मागच्या अंगणात नेलं.

"शनिवारी परत आलो तेव्हा दोन मिनिटं चालू ठेवलीस?"

अमीन हातातल्या चिंधीनं बोटं पुसत राहिला. बोटं कधीच स्वच्छ झाली होती.

"नाही, नाना. बंद झाली."

"बंद झाली म्हणजे? बंद केली म्हण."

"माझ्या ताब्यात होती, तेव्हा बंद झाली. लिहा माझं नाव."

"का बंद केलीस? पुण्याच्या संघासाठी?"

"पुण्याला मी नकार कळवला. पत्र घरी आहे, बघा पाहिजे तर." त्यानं नानांकडे बघितलं, आणि या खेपेला नजर खाली घातली नाही. "अजून काही विचारू नका. बस, लिहा."

त्या दुपारी नाना घरी कागद घेऊन बसले. 'कारण' असं लिहिलं, पुढे अमीनचं नाव लिहिलं, आणि चहा गार होईपर्यंत त्या नावाकडे बघत राहिले. माणसानं गुन्हा कबूल केला तर नानांना हलकं वाटायचं. आज वाटत नव्हतं.

५

बुधवारी सकाळी सही करण्याआधी नाना गाडीकडे शेवटचं बघायला गेले. जुनी सवय. मागची बाजू बघितली, दारं बघितली, चेपलेलं नाक बघितलं. जाळ वरच्या अंगाला होता. खालची जाळी चेपली होती पण जळाली नव्हती. जाळीच्या पट्ट्यांमध्ये काहीतरी पांढरं अडकलं होतं.

नानांनी नखानं ते काढलं. ज्वारीची लाही. तिच्या शेजारच्या पट्टीवर गुलालाचा ओघळ.

धुळ्याच्या विमानपट्टीवर लाही कुठली? ट्रकवर गाडीला ताडपत्री होती. लाह्या आणि गुलाल उधळतात ते पिकल्या पानाच्या अंत्ययात्रेत, बँड लावून. आणि त्या आठवड्यात या गल्लीतून अशी एकच यात्रा गेली होती.

नानांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

मग सगळं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, चार दिवस ते तिथंच होतं आणि त्यांनी तिकडे पाठ केली होती, त्या भिंतीसारखी.

दहा वाजता पितांबर, लताबाई, चिंधा आणि अमीन गॅरेजात जमले. पितांबरनं फौजदाराकडे जायला टोपी घातली होती. नाना टर्बोचा मोडका दांडा हातात धरून उभे राहिले. खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही.

"वाळू कुणी टाकली नाही, ते सोमवारीच ठरलं," ते म्हणाले. "टर्बो तेल करपल्यानं गेला. गरम गाडी कुणीतरी लगेच बंद केली. रविवारी नाही, चिंधानं घड्याळ लावून नियम पाळला. म्हणजे शनिवारी."

"शनिवारी अमीन," पितांबर म्हणाला.

"शनिवारी सव्वापाचला आम्ही रस्त्यावरून या गल्लीत वळलो. टर्बो लाल होता. समोरून वनाआबांची अंत्ययात्रा आली. ते गेल्याचं मला तेव्हाच कळलं. मयत समोर आली की आपण काय करतो?"

"गाडी बंद करतो, टोपी काढतो," चिंधा म्हणाला. गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही. मयत जाईपर्यंत समोरची डाळमिलसुद्धा पट्टा थांबवते.

"या गाडीला किल्ली नाही. खटका आहे, आणि तो मधोमध बसवलाय. अमीनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते." नानांनी लाही टेबलावर ठेवली. "खटका मी पाडला."

त्यांनी अमीनकडे बोट दाखवलं.

"हा म्हणाला, नाना, दोन मिनिटं. मी म्हणालो, मयत समोर आहे, तुला काही वाटतं का? असं म्हणालो मी याला. आणि उतरून खांदा द्यायला गेलो. वनाआबा दिसले आणि मला दुसरं काही दिसलं नाही. हे मी विसरलो नव्हतो, पितांबर. मी त्याला कारण समजलोच नव्हतो. मी बंद केली ती गाडी, मोडली ती दुसरीच, असं काहीतरी डोक्यात धरून बसलो होतो."

पितांबरनं टोपी काढली आणि अमीनकडे वळला. "तू बोलला का नाहीस? तीन दिवस मी तुला चोर म्हणतोय."

अमीननं नानांच्या हातातल्या मोडक्या दांड्याकडे बघितलं.

"मयत जायला वीस मिनिटं लागली, भाऊ. यात्रेसमोर पुन्हा गाडी चालू कशी करणार? नंतर दांडा हातानं फिरवून बघितला, तर फिरला. वाटलं, निभेल. तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, खटका कुणी पाडला. मग नानांचं नाव घ्यावं लागलं असतं." तो नानांकडे वळला. "माझ्या बापाला यांनी वाचवलं. मी नाव नाही घेतलं. आणि भटूला तसंच बसू दिलं त्या गाडीत. नाना, तुमचा हात होता. पण तोंड माझं होतं, ते मी बंद ठेवलं."

नानांना वाटलं होतं की आता यापेक्षा वाईट काही ऐकायचं राहिलं नाही. ते चुकलं होतं. त्यांनी खटका पाडला तो एकदा, आणि आपल्या उपकाराच्या वजनानं याचं तोंड बंद केलं ते दुसऱ्यांदा.

लताबाईनं डोळे पुसले. "म्हणजे माझा नवस नव्हता?"

"नाही गं बाई. मी होतो."

त्यांनी कालचा कागद फाडला, नवा घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिला. कारणापुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि सही करून पितांबरच्या हातात दिला. "फौजदाराकडे ने, नाहीतर ठेव. पण हे कारण खरं आहे." पितांबरनं तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. फौजदाराकडे तो गेला नाही. नानांशी मात्र त्या दिवशी तो पुढे एक शब्दही बोलला नाही.

६

दुपारी अमीन जीप घेऊन आला. नानांना धुळ्याला जायचं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इस्पितळात भटू पडून होता. पाय टांगलेला, दोन्ही हातांना पांढरी बांधलेली गाठोडी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय जुळून येईल, उजव्या हाताच्या बोटांचं सांगता येत नाही. नानांनी कॉटजवळ उभं राहून सगळं सांगितलं, एकही गोष्ट मऊ न करता. भटू छताकडे बघत ऐकत होता.

"कुणाची मयत होती?" त्यानं विचारलं.

"वनाआबांची."

"मग मीही बंद केली असती," भटू म्हणाला.

नाना शिव्या खायला आले होते. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर त्या घेऊन ते घरी गेले असते, आणि रोज थोड्या थोड्या पचवल्या असत्या. हे त्यांना कुठे ठेवावं ते कळेना.

"नाना," थोड्या वेळानं भटू म्हणाला, "कानामागं खाज येतेय जरा. खाजवता का? मला हात नाहीत."

नानांनी वाकून त्याच्या कानामागं खाजवलं. उजव्या हातानं, ज्यानं खटका पाडला त्याच. "अजून वर," भटू म्हणाला. "हां, तिथं." डोळ्यांतलं पाणी पोराच्या उशीवर पडू नये म्हणून ते मान वळवून खाजवत राहिले.

परतीच्या वाटेवर पारोळं मागं पडलं. एरंडोलच्या पुढे अमीन म्हणाला, "टर्बोचा दांडा नवा मिळेल, नाना. मुंबईत एकाकडे आहे." नाना म्हणाले, "बघू."

ऊन उतरलं होतं. गॅरेजसमोर जीप थांबली. अमीननं ब्रेक ओढला, हात मांडीवर ठेवले आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. त्या जीपला टर्बो नव्हता, तिला असं थांबायची काही गरज नव्हती. हाताची सवय होती, दुसरं काही नाही.

नाना उतरले नाहीत. दोन्ही पंजे मांडीखाली दाबून ते बसून राहिले आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. समोर गॅरेजचं दार उघडं होतं. आतल्या भिंतीवरची लाल अक्षरं जीपमधून सरळ दिसत होती.

"करू का बंद?" बऱ्याच वेळानं अमीननं विचारलं.

"झाली का दोन मिनिटं?"

"कधीच झाली."

"मग कर," नाना म्हणाले. "तूच कर."